स्टेडियमच्या पुनर्विकासाचा ठराव सभेत मंजूर झाला. आता नागरिकांच्या हातात काही उरतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: महापालिकेचं जुनं स्टेडियम पाडून तिथे खाजगी भागीदारीतून ‘अद्ययावत क्रीडा व व्यापारी संकुल’ उभारायचा ठराव सर्वसाधारण सभेत बहुमताने मंजूर झाला आहे. रोज तिथे धावायला जाणारे आणि मुलांना सरावाला नेणारे लोक आता काय करू शकतात?

बरंच काही. ठराव म्हणजे सभेने प्रशासनाला दिलेली परवानगी. त्यानंतर जमिनीचा वापर तपासणं, अंदाजपत्रक आणि त्याला तांत्रिक मान्यता, निविदा, स्थायी समितीची मंजुरी, करारनामा, कार्यारंभ आदेश आणि बांधकाम परवानगी इतके टप्पे उरतात. करारनाम्यावर सही होईपर्यंत आराखडा बदलायला वाव असतो. सही झाली की प्रत्येक बदलासाठी ठेकेदार भरपाई मागतो. म्हणून घोषणाबाजीपेक्षा कागद आधी मिळवा. माझ्या मते मैदान जातं ते मतदानात जात नाही. ते क्षेत्रफळाच्या तक्त्यात आणि ‘टप्पा १, टप्पा २’ या दोन शब्दांत जातं.

पहिला कागद म्हणजे ठराव क्रमांक, तारीख आणि त्यासोबतचा गोषवारा (प्रशासनाने सभेपुढे ठेवलेलं प्रस्तावाचं टिपण). नगरसचिव कार्यालयातून तिन्ही घ्या. बातमीत ‘स्टेडियम’ असतं, गोषवाऱ्यात बहुधा ‘जागेचा इष्टतम वापर’ असतं, आणि हे दोन शब्द एक नव्हेत. विषय नेहमीच्या विषयपत्रिकेवर होता की आयत्या वेळी आला, हेही पाहा. सभेची सूचना साधारणपणे सात पूर्ण दिवस आधी निघायला हवी. कोट्यवधींची मिळकत आयत्या वेळच्या विषयात निघाली असेल, तर तो मुद्दा पुढे कुठल्याही तक्रारीत उपयोगी पडतो. २०२२ नंतर बऱ्याच महापालिकांत निवडून आलेल्या सभागृहाऐवजी शासनाने नेमलेले प्रशासक होते. तुमचा ठराव त्या काळातला असेल, तर सभेचे आणि स्थायी समितीचे दोन्ही अधिकार एकाच सहीने वापरलेले दिसतील. चर्चेचं इतिवृत्त मिळणार नाही, पण गोषवारा मिळेल.

त्यानंतर जमीन. मिळकत पत्रिका किंवा सातबारा काढा आणि मालकाच्या रकान्याइतकाच इतर हक्कांचा रकाना नीट वाचा. पालिका तिथे वर्षानुवर्षं देखभाल करते म्हणून जमीन तिचीच असते असं नाही. ती शासनाने खेळासाठी म्हणून दिलेली असेल, तर व्यापारी वापर हा शर्तभंग ठरू शकतो आणि विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. एखाद्या दात्याने बक्षीसपत्राने दिली असेल, तर त्या पत्रातल्या अटी बघा. मुंबईचं वानखेडेसुद्धा शासनाच्या जमिनीवर भाडेपट्ट्याने उभं आहे.

मग नगररचना विभागातून विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. जागेवर ‘क्रीडांगण’ किंवा ‘स्टेडियम’ असं आरक्षण असेल आणि प्रकल्पात मॉल, हॉटेल, कार्यालयं असतील, तर नुसत्या ठरावाने भागत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. त्यावर एक महिन्याच्या आत कुणालाही हरकती-सूचना देता येतात, बाधितांची सुनावणी होते आणि शेवटची मंजुरी शासनाची असते. तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचा महिना हाच. हीच सूचना वर्तमानपत्रातही आतल्या पानावर बारीक अक्षरात येते, त्यामुळे दोघातिघांनी वाटून घेऊन रोज बघा. सार्वजनिक उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयाला देणं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बंगळूर मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात बेकायदा ठरवलं होतं. हरकतीत त्याचा उल्लेख जरूर करा.

पैशांच्या बाजूने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ७९ महत्त्वाचं. पालिकेची स्थावर मिळकत विकताना किंवा भाडेपट्ट्याने देताना मोबदला चालू बाजारमूल्यापेक्षा कमी असता कामा नये. म्हणून मूल्यांकन अहवाल मागा. तो कुणी केला, कुठल्या वर्षाच्या रेडीरेकनरवर (शासनाच्या जमीन दरांच्या तक्त्यावर) केला, किंमत जागा क्रीडांगण धरून काढली की व्यापारी धरून, हे बघा. जमिनीची किंमत मैदानाच्या दराने आणि विकासकाचं उत्पन्न दुकानांच्या दराने धरायचं, ही जुनी युक्ती आहे. ठराव कायद्याविरुद्ध किंवा पालिकेच्या आर्थिक हिताविरुद्ध असेल, तर राज्य शासन कलम ४५१ खाली तो आधी निलंबित आणि मग विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. नगरपरिषद असेल तर कायदा १९६५ चा लागतो आणि तिथे कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. (मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा. तिथे ही कलमं लागू नाहीत.)

आता खेळाचा भाग. इथे मापपट्टी घेऊन बसा, कारण रंगीत चित्रात सगळंच मावतं. ४०० मीटरच्या आठ लेनच्या ट्रॅकमध्ये प्रत्येक लेन १.२२ मीटर रुंद, सरळ बाजू ८४.३९ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर असते. म्हणजे बाहेरून बाहेर सुमारे १७७ गुणिले ९३ मीटर. त्याच्या कडेने गटार, मोकळी पट्टी आणि कुंपण धरलं तर साधारण १८५ गुणिले १०० मीटर सलग जागा हवी. आराखड्याच्या कोपऱ्यातली मोजपट्टी लावून तेवढी जागा उरते का बघा. उरत नसेल, तर चित्रातला लाल पट्टा म्हणजे चालायचा रस्ता आहे, ट्रॅक नव्हे. ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीला सुरुवातीची आणि थांबायची जागा धरून १३० मीटरची सरळ रेघ लागते. तीही मोजा.

दुसरी हमखास चूक म्हणजे एकाच चित्रात सिंथेटिक ट्रॅक आणि क्रिकेटचं पूर्ण मैदान. ट्रॅकच्या आतली रुंदी ७३ मीटर. त्यात १०५ गुणिले ६८ चं फुटबॉल मैदान बसतं, क्रिकेट बसत नाही. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नियमानुसार खेळपट्टीच्या मध्यापासून सीमारेषा किमान ५९.४३ मीटरवर असते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जवळपास ११९ मीटर, आणि दोरीमागची मोकळी जागा वेगळी. दोन्ही एकत्र दाखवले असतील तर क्षेत्ररक्षक ट्रॅकवर पळणार, बुटांच्या खिळ्यांनी ट्रॅक फाटणार, आणि दोन वर्षांत दोघांपैकी एका खेळाला बाहेर काढलं जाणार. कोणाला, हे आत्ताच लेखी विचारा. मैदानाची लांबी शक्यतो उत्तर-दक्षिण हवी. पूर्व-पश्चिम फिरवली तर संध्याकाळचा सूर्य गोलरक्षकाच्या आणि फलंदाजाच्या डोळ्यात येतो. दुकानांना रस्त्याकडचा दर्शनी भाग मिळावा म्हणून मैदान फिरवलेलं दिसलं, तर प्रकल्प कोणासाठी आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

ट्रॅकच्या अंदाजपत्रकात पृष्ठभागाची जाडी १३ मिलिमीटर आहे ना, हे पाहा, पण अपयश बहुधा खालच्या थरात असतं. डांबरी थराचा उतार चुकला की पाणी साचतं. थर पुरेसा मुरू न देता किंवा ओलसर असताना वर पॉलियुरेथेन (ट्रॅकचा रबरासारखा थर) टाकलं की फुगे येतात आणि पट्टे सुटतात. उद्घाटनाची तारीख धरून पावसाळ्याच्या तोंडावर ट्रॅक टाकण्याची आपल्याकडे फार घाई असते. करारात दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) किती आहे आणि पृष्ठभाग नव्याने टाकायचा खर्च कोणाचा, हे शोधा. चांगला वापर असलेला ट्रॅक साधारण ८ ते १० वर्षांत नव्या थराला येतो. अंदाजपत्रकात तो खर्च नसेल तर तो पालिकेच्या डोक्यावर आहे.

प्रेक्षागृहाबाबत ‘धोकादायक’ हा शब्द आला असेल, तर संरचनात्मक तपासणीचा मूळ अहवाल मागा, सारांश नको. त्यात काँक्रीटचे कोअर (आतले नमुने) काढून ताकद तपासली का, अल्ट्रासॉनिक चाचणी, सळयांच्या गंजाची चाचणी, कार्बोनेशनची (हवेमुळे काँक्रीट किती आतपर्यंत खराब झालं त्याची) खोली हे आहे का? नुसता छायाचित्रांचा अल्बम म्हणजे तपासणी नव्हे. जुन्या स्टेडियममध्ये पायऱ्यांखाली गाळे असतात, पायऱ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपतं आणि गाळ्यांच्या छताचं प्लास्टर पडतं. ते जलरोधनाचं दुखणं असतं. त्यासाठी अख्खी इमारत पाडायची गरज असतेच असं नाही. अहवालात ‘दुरुस्तीयोग्य’ असा शेरा असेल, तर दुरुस्तीचा आणि नव्याने बांधण्याचा खर्च शेजारी ठेवून तुलना मागा. जुन्या गाळेधारकांचे करार कधी संपतात, हेही बघा. तो वाद न्यायालयात गेला की पाडलेलं स्टेडियम वर्षानुवर्षं खड्डाच राहतं.

बाहेर पडण्याचे मार्ग मोजणं कुणी करत नाही, म्हणून तुम्ही करा. आपल्याकडे राष्ट्रीय बांधकाम संहिता आणि अग्निशमन ना-हरकत लागते. पण झटपट पडताळणीला ब्रिटनच्या ‘ग्रीन गाइड’ या स्टेडियम सुरक्षेच्या मार्गदर्शिकेतला हिशोब सोपा आहे: सपाट मार्गाच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं, जिन्यावरून ६६, आणि ८ मिनिटांत सगळे बाहेर. १०,००० प्रेक्षकांना जिन्यांची एकूण रुंदी १९ मीटरच्या आसपास हवी. शिवाय दरवाज्याबाहेर गर्दी थांबायला मोकळी जागा पाहिजे. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमच्या दरवाज्यांवर चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला. त्यामुळे फाटकासमोरची मोकळी जागा पार्किंग आणि दुकानांना दिलेली दिसली, तर त्यावर हरकत घ्याच.

निविदा महाटेंडर्स या राज्य शासनाच्या ई-निविदा पोर्टलवर येते. मूळ निविदेइतकीच तिची शुद्धिपत्रकं वाचा. अनुभवाची अट, उलाढालीची अट, सवलतीची वर्षं (विकासकाने संकुल चालवून कमाई करायची मुदत), पालिकेचा हिस्सा या गोष्टी मुदत संपत आल्यावर शुद्धिपत्रकातून बदलतात आणि मग एकच निविदाकार उरतो. तुमची मुख्य मागणी इथे असू द्या: खेळाच्या भागाचं भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायची परवानगी) मिळाल्याशिवाय व्यापारी भागाचं देऊ नये, अशी अट. ही एक ओळ नसेल तर दुकानं दोन वर्षांत सुरू होतात आणि मैदान ‘टप्पा २’मध्ये निधीची वाट बघत राहतं. सोबत स्थानिक शाळा, क्लब आणि रोज येणाऱ्यांसाठी राखीव तास, त्याचे दर आणि दरवाढीचं सूत्र हे करारातच हवं. ‘पुढे धोरण ठरवू’ हे उत्तर मान्य करू नका. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. तुकडे पाडून प्रत्येक तुकडा त्याखाली दाखवला आहे का, ते तपासा. झाडं तोडायची असतील तर त्याची वेगळी जाहीर सूचना निघते आणि हरकतीला फक्त सात दिवस मिळतात.

तारखांचा एक नमुना सांगतो, कारण फाइलमधली घाई ओळखायला तो उपयोगी आहे. इटलीतल्या मिलानचं सान सिरो स्टेडियम १९३५ पासून तिथल्या नगरपालिकेचं. एसी मिलान आणि इंटर या दोन फुटबॉल क्लबांना ते विकायचा निर्णय सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस रात्रभर चाललेल्या सभेत २४ विरुद्ध २० मतांनी झाला, किंमत १९.७ कोटी युरो. एवढी धावपळ का? स्टेडियमचा दुसरा मजला १९५५ चा. तो १० नोव्हेंबरला ७० वर्षांचा झाला की वारसा संरक्षण लागू होणार होतं आणि मग पाडता आला नसता. खरेदीखत ५ नोव्हेंबरला झालं. तुमच्याकडेही ‘याच महिन्यात मंजूर करा’ असा आग्रह असेल, तर कुठली मुदत संपते आहे ते शोधा: अनुदानाची, आचारसंहितेची की भाडेपट्ट्याची.

कागद माहिती अधिकारात मागताना महाराष्ट्राचे नियम लक्षात ठेवा. एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यावर २० रुपये. ‘व्यापारी गोपनीयता’ सांगून करारनामा नाकारला तर अपिलात लिहा की सार्वजनिक मिळकतीच्या कराराला व्यापक जनहिताचा अपवाद लागू होतो. वेगवेगळे अर्ज टाका: गोषवारा व ठराव, मिळकत पत्रिका व मूल्यांकन, संरचनात्मक अहवाल, क्षेत्रफळाच्या तक्त्यासह आराखडा, करारनाम्याचा मसुदा. नुसत्या प्रतींवर भागत नसेल तर ‘अभिलेख पाहणी’ मागा. फाइल समोर येते, टिपण्या वाचता येतात, आणि खरा मजकूर बऱ्याचदा आराखड्यापेक्षा टिपण्यांच्या समासातच असतो.

हरकतीचं पत्र छापील नमुन्यावर हजार सह्यांचं देऊ नका. सुनावणीत ते एकच हरकत म्हणून मोजलं जाण्याची भीती असते. धावपटू, प्रशिक्षक, शाळा, शेजारच्या सोसायट्या यांनी आपापल्या मुद्द्याचं वेगळं पत्र द्यावं. वर सर्व्हे क्रमांक, ठराव क्रमांक आणि सूचनेची तारीख लिहा, शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे’ असं स्पष्ट वाक्य टाका, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.