दुपारीच प्लेटलेट वाढतात, कॅलिब्रेशन बदलू देऊ का?

प्रश्न: शहाद्यात माझी छोटी लॅब आहे. थ्री पार्ट सेल काउंटर (रक्तातल्या पेशी मोजायचं मशीन) आहे, कॉम्प्युटरला जोडलेला. सकाळी सगळं ओके असतं पण एप्रिल लागल्यापासून दुपारी बॅकग्राउंडलाच प्लेटलेट २५-३० हजार दाखवतो. इंजिनिअर नाशिकहून यायला दोन दिवस लागतात. फोनवरचे सपोर्टवाले म्हणतात एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप) चालू करा, कॅलिब्रेशन फॅक्टर (मशीन मोजलेल्या आकड्याला ज्याने गुणतं तो आकडा) बदलून देतो. देऊ का?
– एक वाचक ताई

उत्तर: ताई, एनीडेस्क द्या, पण फॅक्टरला हात लावू देऊ नका. बॅकग्राउंड म्हणजे रक्त न घालता नुसतं डायल्युएंट (रक्त पातळ करायचं द्रावण) मोजलेलं, तिथे बहुतेक मशीनला प्लेटलेट १० हजाराच्या आत पाहिजेत. फॅक्टर बदलला तर फक्त आकडा खाली दिसेल, बिघाड तिथेच राहील आणि सकाळचे चांगले रिपोर्टही चुकायला लागतील.

हे मशीन बारीक भोकातून जाणारी प्रत्येक पेशी विजेच्या झटक्यावरून मोजतं, प्लेटलेटचा झटका सगळ्यात लहान, म्हणून लाइनमधला गडबडीचा करंट पहिले प्लेटलेट म्हणूनच मोजला जातो. मी फोनवर सपोर्ट देतो तेव्हा असल्या केसमध्ये पहिले व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगतो, मशीन नंतर. आपल्याकडे उन्हाळ्यात हमखास दिसतं ते म्हणजे कूलर, त्याच बोर्डावर लावलेला. आधी तो बंद करून बॅकग्राउंड घ्या, मग दुसऱ्या लाइनवर लावून घ्या. तरी आकडा उतरला नाही तर वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या, २-३ व्होल्टच्या वर नको. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घातलं की कितीतरी वेळा तिथेच काम होतं.

अर्थिंग ठीक निघालं तर डायल्युएंटचा कॅन बघा. पत्र्याखाली ठेवलाय का? तापला की त्यात बुडबुडे होतात, तेही मोजले जातात, आणि उघडून खूप दिवस झाले असतील तर त्यात जंतूही वाढतात. बहुतेक डायल्युएंट ३० डिग्रीच्या आत वापरायचं असतं, आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असतं.

सपोर्टला फोन करताना सकाळचा आणि दुपारचा बॅकग्राउंड, तिन्ही कंट्रोलचे (मशीन तपासायला वापरतात त्या, आकडे आधीच माहीत असलेल्या सॅम्पलचे) आकडे आणि एरर लॉगचा फोटो आधीच पाठवा. समोरच्याला तुमचं मशीन दिसत नाही, तुम्ही जे दाखवाल तेवढंच त्याला कळणार. एनीडेस्क देताना पेशंटच्या नावांची यादी बंद ठेवा, प्रत्येक वेळी परवानगी तुम्हीच द्या, कायमचा पासवर्ड ठेवू नका आणि सेटिंग बदलायच्या आधी स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

आणि ताई, कंट्रोल पास होईपर्यंत दुपारचा एकही प्लेटलेट रिपोर्ट देऊ नका. डेंग्यूच्या पेशंटला खरे १५ हजार असताना कागदावर ४० हजार छापले गेले तर डॉक्टर त्याला घरी पाठवू शकतो. दुपारची सॅम्पल शेजारच्या लॅबला पाठवा, नाहीतर स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली मोजा.