बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे जुने रीळ: दाखवण्याआधी काय बघावे

जय भीम. तुमचे प्रश्न दोन. मंडळाच्या कपाटात ‘बाबासाहेब - अंत्ययात्रा’ असे लिहिलेला 16 मिमीच्या रिळाचा डबा सापडलाय, तो येत्या 6 डिसेंबरला प्रोजेक्टरवर चालवावा का? आणि मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिपमध्ये माणसे पळत असल्यासारखी का चालतात?

रीळ प्रोजेक्टरवर चढवू नका, निदान तपासल्याशिवाय तरी नाही. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेट (फिल्म ज्या प्लास्टिकची बनते ते) सडायला लागले आहे. अशी फिल्म आखडते, तिच्या कडेच्या भोकांमधले अंतर कमी होते आणि प्रोजेक्टरचे दाते भोके फाडत जातात. सुती हातमोजे घालून फिल्म सपाट ठेवा आणि 100 भोकांची लांबी मोजा. नव्या प्रिंटमध्ये ती 762 मिमी भरते. 756 च्या खाली असेल तर रीळ परत गुंडाळा (घट्ट ओढू नका) आणि फ्रेम-फ्रेम स्कॅन करणाऱ्याकडेच द्या. वास येणारा डबा बाकीच्या डब्यांपासून लांब ठेवा, ती वाफ शेजारच्या फिल्मलाही लागते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी विचारा. गल्लीतल्या ‘डीव्हीडी करून देतो’वाल्याकडे पडद्यावर चालवून समोरून शूट करतात, ते नको.

फिल्मच्या कडेवर ‘कोडॅक सेफ्टी’ या अक्षरांजवळची चिन्हे भिंगाने बघा. एकच भरीव गोल म्हणजे फिल्म 1956 ची. मात्र चिन्हे दर 20 वर्षांनी तीच येतात, त्यामुळे ती 1936 किंवा 1976 चीही असू शकते. शिवाय हे साल कच्ची फिल्म बनल्याचे, चित्रीकरणाचे नव्हे. चिन्ह 1976 चे निघाले तर तुमच्याकडे नंतर काढलेली कॉपी आहे, एवढेच.

आता वेग. सेकंदाला 18 फ्रेमने घेतलेले चित्र 24 ने चालवले की सगळे तिसऱ्या हिश्श्याने भरभर दिसते. गर्दीत पाय ओढत चालणाऱ्यांवरून अंदाज करू नका. कडेने मोकळा चालणारा एखादा माणूस धरा आणि पावले मोजा. मिनिटाला 100-110 ठीक. 140 च्या पुढे गेली तर वेग चुकलाय. संगणकावर 75 टक्के वेग लावा. ‘मधल्या फ्रेम तयार करा’ हा पर्याय बंदच ठेवा, त्याने गर्दीतले चेहरे विरघळतात. दर तिसरी फ्रेम दोनदा दाखवली की 18 चे 24 होतात, काम भागते. 400 फुटांचे रीळ 24 ने 11 मिनिटे चालते, 18 ने पावणेपंधरा.

क्लिप खरी त्याच दिवसाची आहे का, हे आधी ठरवा. ही अंत्ययात्रा लेखक-दिग्दर्शक नामदेवराव व्हटकरांनी चित्रित केली, पण फिरणाऱ्या तुकड्यांत भलतेच काही घुसलेले असते. लष्करी वाहन दोरांनी ओढणारे जवान दिसले तर ती गांधीजींची दिल्लीतली 31 जानेवारी 1948 ची यात्रा. 7 डिसेंबर 1956 ला मुंबईत पार्थिव सजवलेल्या ट्रकवर होते, उशाशी बुद्धमूर्ती. राजगृहाहून निघून व्हिन्सेंट रोड (आजचा आंबेडकर मार्ग), परळ, एल्फिन्स्टनचा पूल, सयानी रोड, गोखले रोड, रानडे रोड करत यात्रा दादर चौपाटीला पोचली.

यात सावल्या फार उपयोगी पडतात. यात्रा दुपारची, सूर्य पश्चिमेकडे. व्हिन्सेंट रोडवर लोक दक्षिणेला चाललेत, तेव्हा सावल्या त्यांच्या डाव्या हाताला हव्यात. गोखले रोडवर उत्तरेला वळल्यावर त्या उजव्या हाताला, आणि लांबलचक. उलटे दिसले तर दुकानाची पाटी वाचा: अक्षरे आरशातली असतील तर कॉपी करताना फिल्म उलट्या बाजूने लावली गेली आहे. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अग्निसंस्कार त्यानंतर झाला. म्हणून चितेची दृश्ये काळपट, दाणेदारच असणार. लख्ख उन्हातली चिता दिसली की समजा, तुकडा दुसरीकडचा आहे. तो काळपटपणा ब्राइटनेस वाढवून घालवू नका, नुसता करडा चिखल उरतो.

आवाजाबाबत: क्लिपवरची गाणी आणि निवेदन बहुधा मागाहून चढवलेले असते. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर ते भाषण त्या दृश्याचे म्हणून दाखवू नका. मूक दाखवले तरी चालेल, उलट लोक नीट बघतात.

शेवटचे, टीव्हीवर लावताना ‘फुल स्क्रीन’ करू नका. मूळ चौकट 4:3 आहे. ती 16:9 मध्ये भरली की उंचीचा पाव भाग कापला जातो, आणि या चित्रात नेमकी वरच्या पट्टीतच चाळींच्या गॅलऱ्यांत दाटीने उभी असलेली माणसे आहेत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.