1922: एका सालातली तीन उत्खननं

मागच्या लेखात 1922 हे पुरातत्त्वाच्या भरभराटीचं साल, असं म्हटलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली चार घेतो.

प्रश्न: भांडारकरांनी मोहेंजोदडो पाहूनही ओळखलं नाही, हे खरं का?

खरं आहे. रा. गो. भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे प्रमुख होते आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. 1911-12 मध्ये ते तिथे जाऊन आले आणि गाव जेमतेम दोनशे वर्षांचं, असा शेरा मारून मोकळे झाले. त्यांना फसवलं विटांनी. त्यांना हसण्याआधी तिथली वीट बघा: भट्टीत पक्की भाजलेली, जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. आजचा गवंडीही खुशाल भिंतीत लावेल. साडेचार हजार वर्षांपूर्वी अशी वीट कोणी पाडत असेल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार?

मोहेंजोदडोच्या टेकाडावर बौद्ध स्तूप होता. 1922 मध्ये त्याच खात्याच्या राखालदास बॅनर्जींनी तिथे खणायला घेतलं आणि न वाचता येणाऱ्या लिपीच्या मुद्रा हाती आल्या. तशाच मुद्रा पार हडप्प्यालाही मिळालेल्या. दोन्हींचा मेळ घालून खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी 20 सप्टेंबर 1924 रोजी सिंधू संस्कृती जगापुढे मांडली.

प्रश्न: इजिप्तचा राजा तुतनखामुन याचं थडगं इतकी वर्षं कसं लपलं?

नंतरच्या एका राजाचं, सहाव्या रामसेसचं थडगं खोदणाऱ्या मजुरांनी नेमक्या त्याच जागी झोपड्या घातल्या होत्या. थडगं शोधणारा इंग्रज पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टर आधीही तिथवर पोचला होता, पण झोपड्या उकरल्या तर पर्यटकांची वाट अडेल म्हणून थांबला. 4 नोव्हेंबर 1922 ला पहिली पायरी दिसली. आतलं सगळं बाहेर काढून नोंदवायला पुढे दहा वर्षं लागली.

प्रश्न: आणि थडगं उघडणाऱ्यांना भोवतो म्हणतात तो शाप?

या उत्खननाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन 1923 मध्ये गेले ते डास चावलेली जागा दाढी करताना कापून चिघळल्यामुळे. थडगं उघडणारा कार्टर स्वतः 1939 पर्यंत जगला.

प्रश्न: या सगळ्यांत तुमच्या मते थोर कोण?

इंग्रज पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली. 1922 मध्येच त्यानं इराकमधल्या उर या प्राचीन शहरात काम सुरू केलं. पहिल्याच हंगामात चरातून सोन्याचे मणी निघाले आणि पठ्ठ्यानं तो चर बंद केला! मजुरांचा हात अजून बसला नव्हता. चार वर्षं त्यांना तयार करून, 1926 मध्ये तो मणी निघालेल्या त्या जागेकडे, म्हणजे तिथल्या दफनभूमीकडे वळला. तिथल्या मण्यांत सिंधूकडून गेलेले, पांढरी नक्षी असलेले लाल अकीकही होते. मातीत एके ठिकाणी नुसती भोकं दिसली, तर त्यांत प्लास्टर ओतलं. लाकूड कधीच कुजून गेलेलं, पण माती बाजूला केल्यावर अख्खं तंतुवाद्य आकाराला आलं. पहिल्या हंगामातल्या मजुरानं त्या भोकांवर सरळ कुदळ मारली असती.