शेजारच्या आजोबांबद्दल चार मिनिटं

प्रश्न :

ताई, सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, डरहॅम परगण्यातल्या सीअम गावात आम्ही सहा वर्षांपूर्वी घर घेतलं. भिंतीला भिंत लागून राहणारे आजोबा गेल्या आठवड्यात वारले. वय ८७. पंधराव्या वर्षी ते इथल्या डॉडन खाणीत कामाला लागले आणि १९९१ साली खाण बंद झाली तेव्हाच सुटले. माझ्या मुलाला त्यांनी परसात लीकची, म्हणजे कांद्याच्या जातीच्या एका भाजीची, रोपं लावायला शिकवलं. मी त्यांना गाडीतून दवाखान्यात न्यायची. मला ते 'पेट' म्हणायचे. इथे मायेने तसं म्हणतात हे मला उशिरा कळलं.

त्यांच्या मुलीने मला अंत्यविधीनंतर खाणकामगारांच्या क्लबमध्ये चार मिनिटं बोलायला सांगितलंय. समोर त्यांच्याबरोबर उभा जन्म काम केलेली माणसं असणार. मी परकी, त्यांची शेवटची सहा वर्षं तेवढी पाहिलेली. खाणीबद्दल ते फारसं बोलतही नसत. 'कष्टाळू, प्रेमळ, मदतीला धावणारे' एवढं लिहून दोन दिवस वही तशीच पडली आहे.

आणखी एक. त्यांचा खाणीतला पितळी बिल्ला मुलीने माझ्या मुलाला दिलाय. तो आम्ही ठेवून घ्यावा का?

– एक वाचक, सीअम

उत्तर :

तुमच्या गावाच्या थोडं दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावरच्या एका खाणगावात मी एकतीस वर्षं डॉक्टर होते. १९७५ साली नागपूरहून तिथे गेले. अशा गावांत यायला इंग्रज डॉक्टर फारसे राजी नसत, म्हणून भारतातून आलेल्या आमच्यासारख्या कितीतरी जणांना तिथेच काम मिळालं. माझं माहेर बल्लारपूरचं, वडील खाणीच्या ऑफिसात कारकून. कोळशाचा धूर आणि पाळीचा भोंगा मला नवीन नव्हता. नवीन होती ती थंडी आणि तिथली बोली.

माझे एक पेशंट होते. दवाखान्यात खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ते भिंतीला पाठ लावून उकिडवे बसायचे, आपल्याकडे एसटीची वाट बघत माणसं बसतात तसे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला एकदम घर आठवलं. मी त्यांची छाती तपासायची, नळीत फुंकायला लावायची, आकडा लिहून ठेवायची. पुढे १९९९ मध्ये खाणकामगारांच्या छातीच्या विकारांसाठी सरकारची भरपाई योजना आली. सगळ्या देशातून पाच लाखांवर अर्ज गेले. यांचा अर्ज भरायला मी स्वतः बसले होते. तोवर त्यांना उकिडवं बसणं जमेनासं झालं होतं, बसले तर उठता येत नसे.

हे गृहस्थ दर भेटीत मला बल्लारपूरबद्दल विचारायचे. थर किती जाड आहे? पाणी लागतं का? छताला लाकूड देतात की लोखंड? मला उत्तरं येत नसत. मग मी वडिलांना पत्र लिहून विचारायची आणि पुढच्या वेळी त्यांना सांगायची. ते लक्ष देऊन ऐकायचे. इतक्या वर्षांत मी मात्र त्यांना एकदाही विचारलं नाही, की तुम्ही कुठले? मला वाटायचं, हे इथलेच.

अंत्यविधीला पाद्री म्हणाले, कष्टाळू होते, कुटुंबवत्सल होते. माझ्या शेजारी त्यांचा 'मारा' बसला होता. मारा म्हणजे खाणीतला जोडीदार, जिवाभावाचा. तो हळूच म्हणाला, "हे कुणाबद्दल बोलतायत?"

नंतर क्लबमध्ये त्याने मला सांगितलं. ते किनाऱ्यावरचे नव्हतेच. डरहॅमच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या एका खेड्यात जन्मलेले. तिकडे कोळशाचे थर जेमतेम दोन फुटांचे. कुशीवर पडून खणायचं आणि विश्रांती घ्यायची ती टाचांवर बसून, कारण उभं राहायला जागाच नाही. ते बसणं अंगात मुरलं होतं. १९५१ साली परगण्याने विकास आराखडा केला आणि ज्या खाणगावांचा कोळसा संपत आलाय त्यांना 'ड' वर्गात टाकलं. शंभराहून जास्त गावं होती ती. तिथे नवं घर बांधायचं नाही, पैसा घालायचा नाही, गाव हळूहळू विझू द्यायचं. त्यांचं गाव त्यातलं. साठच्या दशकात तिथली खाण बंद झाली तेव्हा ते बायको आणि दोन मुलांना घेऊन किनाऱ्यावरच्या खाणीत आले. इथे काम समुद्राच्या तळाखाली, किनाऱ्यापासून मैल-मैल आत. सुरुवातीला इथली माणसं त्यांना 'पश्चिमेकडचे' म्हणून वेगळं काढायची. मागे गावाकडे त्यांची गल्ली पाडली गेली, तेव्हा एका रविवारी बसने जाऊन बघून आले आणि त्याबद्दल घरात अवाक्षरही बोलले नाहीत.

म्हणजे इतकी वर्षं आम्ही दोन परगावची माणसं समोरासमोर बसत होतो. त्यांना ते ठाऊक होतं, मला नव्हतं. माझ्या फायलीत त्यांच्या फुप्फुसांचा प्रत्येक आकडा आहे, त्यांच्या गावाचं नाव नाही. हे मला आजही लागतं. तुम्ही स्वतःला परकी म्हणालात म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. तुमच्या आजोबांना परकेपणाची अडचण नव्हती, नाहीतर त्यांनी तुमच्या मुलाच्या हातात लीकचं रोप दिलं नसतं. त्या भागात लीक कुणी सहजासहजी कुणाला शिकवत नाही. सप्टेंबरात क्लबमध्ये प्रदर्शन भरतं, बक्षिसं असतात, आणि रोपांना काय घालायचं हे माणसं सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. ते तुमच्या मुलाला सांगितलं असेल, तर तेवढी एक गोष्टही त्या क्लबमध्ये पुरेशी आहे. काय घालायचं ते मात्र तिथे फोडू नका.

तेव्हा चार मिनिटांतली दोन मिनिटं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. दारापासून गाडीपर्यंत जाताना ते किती ठिकाणी थांबत आणि थांबल्यावर दम लागलाय हे कळू नये म्हणून काय बघत असल्यासारखं करत? माझे बरेच पेशंट कुंपणाच्या फुलांकडे बघायचे. त्यांच्या हातांवर, पाठीवर निळे व्रण होते का? जखमेत कोळशाची भुकटी राहून वर कातडी धरते आणि गोंदल्यासारखी निळी खूण कायम राहते. लहान मुलं त्याबद्दल हमखास विचारतात. तुमच्या मुलाला विचारा, त्याला त्यांनी काहीतरी नक्की सांगितलं असेल.

उरलेल्या दोन मिनिटांसाठी या आठवड्यात त्यांच्या मुलीकडे आणि एका तरी जुन्या माराकडे जाऊन या. 'त्यांच्याबद्दल सांगा' असं म्हणू नका, त्याने माणूस गप्प होतो. नेमकं विचारा. कोणत्या थरात होते? हटन, लो मेन, हार्वी, बस्टी अशी त्या थरांची नावं आहेत आणि आपण गावांची नावं घेतो तशी ती माणसं ती घेतात. पहिल्या दिवशी खाली कुणी नेलं? खाली डब्यात काय असायचं? (डब्याला तिकडे 'बेट' म्हणतात.) त्यांनी 'कॅव्हिल' पाहिला का, हे तर विचाराच. डरहॅममध्ये दर तीन महिन्यांनी चिठ्ठ्या काढून कोण कुठे काम करणार ते ठरायचं. म्हणजे कोरडी, सोपी जागा मुकादमाच्या मर्जीतल्याला आणि पाण्यातली नावडत्याला, असं होऊ नये. मजुरांनी स्वतः जपलेला हा न्याय मला त्या माणसांच्या स्वभावाची किल्ली वाटतो. केक कापतानासुद्धा ती माणसं तुकडे डोळ्यांनी मोजून घ्यायची.

मुलीला पाळ्यांबद्दल विचारा. वडील पहाटेच्या पाळीला असले की घरात चालायचं कसं, बोलायचं कसं. त्या घरांतल्या बायकांचं आयुष्यही त्या पाळ्यांवरच चालायचं. आजोबांबद्दल बोलताना आजींचं नाव एकदा तरी घ्या.

एक गोष्ट जपून. १९८४ च्या मार्चपासून १९८५ च्या मार्चपर्यंत वर्षभर संप झाला. त्या वर्षी आमच्या गावात बायकांनी सामुदायिक स्वयंपाकघर चालवलं. मी संध्याकाळी बटाटे सोलायला जायची आणि मुलांची वजनं उतरतायत का ते बघायची. ती माणसं बँडच्या तालावर, पुढे बावटा धरून कामावर परतली, तेव्हा मी दवाखान्याच्या दारात उभी होते. त्या वर्षाबद्दल त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐका. संप मोडून कोण आधी कामावर गेलं हे मात्र चुकूनही विचारू नका. चाळीस वर्षांनंतरही काही घरांत भाऊ भावाशी बोलत नाही.

बँड असेल तर बहुधा 'ग्रेसफर्ड' वाजेल. १९३४ साली वेल्समधल्या ग्रेसफर्ड खाणीत २६६ माणसं गेली. त्यांच्यासाठी हेबर्नच्या रॉबर्ट सेंट या खाणकामगाराने ही धून बांधली. तिला शब्द नाहीत. ती संपेपर्यंत उभं राहायचं आणि संपल्यावर टाळी वाजवायची नाही. मुलाला आधी सांगून ठेवा.

भाषण फार घासूनपुसून नेऊ नका. तुमच्याच सीअमच्या खाणीत १८८० साली स्फोट होऊन दीडशेहून जास्त माणसं मेली. आत अडकलेल्या एकाने पाण्याच्या पत्र्याच्या बाटलीवर बायकोसाठी चार ओळी कोरून ठेवल्या. त्याचं तान्हं मूल घरी आजारी होतं आणि त्याचा जीव त्या बाळात गुंतला होता. त्याने ते साध्या शब्दांत लिहिलं. समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांना ही गोष्ट लहानपणापासून माहीत असेल. साधं बोलणं त्यांना कळतं.

आता बिल्ला. ठेवून घ्या. तो दिलाय तुमच्या मुलाला, परत केलात तर मुलीला लागेल. पण तो काय आहे हे त्याला कळू द्या. खाली उतरताना प्रत्येकाजवळ आपल्या नंबरचा बिल्ला असायचा. पाळी संपल्यावर कोण वर आलं आणि कोण अजून खाली आहे हे त्यावरून कळायचं. अपघात झाला की आधी बिल्ले मोजायचे. १९५१ च्या मे महिन्यात जवळच्या ईझिंग्टनमध्ये पहाटे स्फोट झाला तो दोन पाळ्यांच्या बदलाच्या वेळी. त्यामुळे त्या भागात दुप्पट माणसं होती. ८१ गेली, आणि त्यांना शोधायला उतरलेले दोघे. तुमचे आजोबा पंधराव्या वर्षी खाणीत गेले म्हणता, म्हणजे त्या स्फोटानंतर थोड्याच काळात. त्यांच्या आईने त्या सकाळी काय केलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. मुलीला माहीत असेल तर विचारा.

क्लबमध्ये बिल्ला बरोबर न्या आणि 'मी त्यांची शेजारीण' म्हणण्याआधी त्यावरचा नंबर मोठ्याने वाचा. मागच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यांना तो ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

आणि लीकची रोपं बाहेर लावायची वेळ हीच. आजोबांनी तयार केलेली त्यांच्या काचघरात असतील. त्यांना पाणी कोण घालतंय, ते आज संध्याकाळीच बघून या.