आत्याबाई, मामंजी आणि नात्यांची आकृती

प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला एका कुटुंबाची नातेसंबंधांची आकृती काढून द्यायची आहे. ‘क्रॉस कझिन’ आणि ‘पॅरलल कझिन’ यांतला फरक नीट कळत नाही, आणि मराठीत चारही भावंडांना वेगळे शब्द असताना हा फरक करायचाच कशाला?

दोन भावांची मुलं एकमेकांची चुलत, दोन बहिणींची मुलं मावस; ही पॅरलल. एक भाऊ आणि एक बहीण असतील तर त्यांची मुलं क्रॉस, म्हणजे मामे-आते. मराठीत चौघांनाही स्वतंत्र नाव आहे म्हणूनच ही जोडी सहज नजरेत येत नाही. ती दिसते लग्न ठरवताना. मराठा-कुणब्यांत आणि देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मणांत मामाची मुलगी करता येते. चुलतबहीण आपल्याच कुळातली आणि मावसबहीण ही बहीणच, म्हणून दोन्ही बाद. पण आतेबहीण क्रॉस असूनही बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि सगळ्यात बोलकं उत्तर इथेच आहे.

मामेबहीण केली की मुली एकाच दिशेने जातात. आत्या ज्या घरात दिली, त्याच घरात पुढच्या पिढीत भाची जाते. आतेबहीण केली तर मुलगी देणारं घर पुढच्या पिढीत घेणारं होतं, दिशा उलटते. मुलीकडच्यांनी कायम पडती बाजू घ्यायची अशी रीत असलेल्या समाजात हे उलटणं अडचणीचं ठरतं. साटंलोटं असेल तर दिशेचा नियम तिथल्या तिथेच मोडतो. आकृतीत ते जरूर दाखवा. कोकणस्थांत मामेबहीणही चालत नाही आणि तमिळ भागात आतेबहीणही चालते. इरावती कर्वे यांनी 1953 च्या पुस्तकात महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या विभागात ठेवला, तो का हे यावरून कळेल.

खेड्यात सून सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणते. मामेबहिणीच्या लग्नात सासू खरोखरच वधूची आत्या असते, म्हणून शब्द चपखल बसतो. पण शब्दावरून ‘पूर्वी सगळे अशीच लग्नं करत’ असं लिहू नका. ज्या घरात असं एकही लग्न झालेलं नाही तिथेही हाक तीच असते. शब्द एका रकान्यात, प्रत्यक्ष झालेली लग्नं दुसऱ्या रकान्यात.

आता आकृती. त्रिकोण पुरुष, वर्तुळ स्त्री, बरोबरचं चिन्ह लग्न, उभी रेघ अपत्य, वरून जोडणारी आडवी रेघ भावंडं, तिरपी काट म्हणजे मृत. ज्याच्यापासून मोजता तो ‘अहं’. त्याचं चिन्ह भरीव करा. पुस्तकांत इंग्रजी आद्याक्षरं असतात. एस मुलाला दिल्यामुळे बहिणीला झेड आहे, तेव्हा मामेबहीण म्हणजे एमबीडी (मदर, ब्रदर, डॉटर) आणि आतेबहीण म्हणजे एफझेडडी (फादर, सिस्टर, डॉटर). कागद ए-3 घ्या, आडवा धरा, पेन्सिल वापरा. चार पिढ्या पुरे.

विचारण्याची पद्धत इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांची. 1898 च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत त्यांनी ती बसवली, पुढे निलगिरीतल्या तोडा जमातीत वापरली. प्रश्नात वडील, आई, मूल, नवरा, बायको एवढेच शब्द. ‘तुमचे काका किती?’ असं विचारायचं नाही, कारण वडिलांचा भाऊही काका आणि मावशीचा नवराही काका. ‘तुमच्या वडिलांच्या आईला मुलं किती, थोरलं कोण, त्याचं लग्न कुणाशी?’ असं विचारा. सगळी माणसं कागदावर आली की मगच प्रत्येकाकडे बोट दाखवून ‘यांना काय म्हणता?’ विचारा. तिथेही हाक आणि उल्लेख वेगळे लिहा. एकत्र कुटुंबात वाढलेली मुलं चुलत्यांचं ऐकून स्वतःच्या आईला ‘वहिनी’ म्हणतात. फक्त हाक टिपली तर आईच भावजय होऊन बसते.

चुका ठरावीक होतात. लग्नात नाव बदलल्यामुळे एकच बाई माहेरच्या नावाने एकदा आणि सासरच्या नावाने एकदा अशी दोनदा येते. दोन्ही नावं एकाच वर्तुळाखाली लिहा. लहानपणी गेलेली मुलं, पहिली बायको, दूर दिलेल्या मुली आपणहून सांगितल्या जात नाहीत. प्रत्येक जोडप्यापाशी ‘आणखी कुणी?’ हे विचारायचंच. दत्तक असेल तर जन्माची रेघ अखंड, दत्तकाची तुटक. मामेबहिणीचं लग्न असेल तर मामा आणि सासरा एकच माणूस: चिन्ह एकच, रेघा दोन.

कायद्याचा मुद्दा लिहिणार असाल तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातलं सपिंड (ज्यांच्यात लग्नाला मनाई आहे असं जवळचं नातं) स्वतःला पहिली पिढी धरून वर मोजतात: आईकडून तीन, वडिलांकडून पाच. नवऱ्या मुलाचा आजोबा आईकडून तिसरा, मामेबहिणीचा तोच आजोबा वडिलांकडून तिसरा. म्हणजे दोघं सपिंड. लग्न वैध ठरतं ते रूढीच्या अपवादामुळे.

माहिती एकट्या कर्त्या पुरुषाकडून घेऊ नका, त्याच्याकडे बहुधा वडिलांकडचीच बाजू भरते. घरात आलेली एक सून आणि घरातून गेलेली एक लेक, दोघींना स्वतंत्र बसवून विचारा. दोन्ही कागद जुळवा आणि जिथे माणसांची संख्या जुळत नाही तिथेच परत जा.