‘घरी येत होतं, पेपरात आठवलंच नाही’

नीटची तयारी करणारी बारावीतली मुलगी. आईची तक्रार : “एकेक धडा चार-चारदा वाचते, तरी टेस्टला बसली की पाटी कोरी. हिची स्मरणशक्तीच कमी आहे का? काही औषध असेल तर सांगा.” परीक्षेच्या दिवसांत ही काळजी घरोघरी असते.

मुलीच्या पुस्तकात उत्सर्जनाचं पान हायलायटरने जवळजवळ सगळं पिवळं झालेलं. पुस्तक मिटून तिच्यापुढे एक पाठकोरा कागद ठेवला : नेफ्रॉनचे, म्हणजे मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म नलिकेचे, भाग क्रमाने लिही. बोमन्स कॅप्सूल, पीसीटी... आणि पेन थांबलं. पुस्तक उघडताच ती कळवळून म्हणाली, “अहो मॅडम, हेन्लेचा लूप! येतं हो मला हे!”

येत नव्हतं, ओळखीचं होतं. चौथ्या वाचनात डोळे सरसर पुढे जातात आणि त्यालाच आपण ‘पाठ झालं’ समजतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. उतारा वाचून झाल्यावर काही विद्यार्थ्यांनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. मनातून ओढून काढताना चेतापेशींचे तेच जोड पुन्हा वापरले जातात आणि बळकट होतात.

तिला दिलेली पद्धत अशी. धडा एकदा समजून वाचायचा, पुस्तक मिटायचं, दहा मिनिटं आठवेल ते काळ्या पेनने लिहायचं. अडलं की लगेच पान उघडायचा मोह होतो. निदान मिनिटभर थांबायचं, कारण खरं काम त्याच धडपडीत होतं. मग पुस्तकाशी ताडून राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनने भरायचं. ही तपासणी टाळली, तर चुकीचंच पक्कं होतं. हेच पुन्हा दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी. मधल्या दिवसांत थोडं विसरणं होणारच, त्याची धास्ती नको.

झोपेवरून मात्र आईशी बराच वेळ बोलावं लागलं. मुलगी रात्री दोनला झोपून सहाला उठायची. नवी माहिती सुरुवातीला मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने टिकते. गाढ झोपेत तिची पुन्हा उजळणी होते आणि ती हळूहळू मेंदूच्या बाह्यस्तरात रुजते. या वयाला किमान आठ तास झोप लागते. औषधाचं विचाराल तर सतत थकवा, उदासी किंवा रोजच्या व्यवहारातही विसर पडत असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवावं; इथे तसं काही नव्हतं.

तीन आठवड्यांनी ती चार कागद घेऊन आली. पहिला लालेलाल. चौथ्यावर सगळी नलिका काळ्या शाईत, फक्त डीसीटी या भागात काय शोषलं जातं ते लाल. तेवढंच दुसऱ्या दिवशी सकाळी, पुस्तक न उघडता, पुन्हा लिहायला सांगितलं.