वाचकांचे प्रश्न : गिरसप्पाचे पाणी गेले कुठे?

प्रश्न : वडिलांनी पन्नासच्या दशकात कर्नाटकातला गिरसप्पाचा, म्हणजे जोगचा धबधबा पाहिला होता. ‘राजा’ नावाच्या धारेत अर्ध्या वाटेवर ‘रोअरर’ नावाची धार उडी घेऊन मिळते, हे ते नेहमी सांगत. गेल्या मे महिन्यात आम्ही मुद्दाम जोगला गेलो, तेव्हा काळ्या कड्यावर दोन बारीक धारा तेवढ्या ओघळत होत्या. हे उन्हाळ्यामुळे की धरणामुळे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्हींमुळे, पण धरणाचा वाटा मोठा. हा धबधबा जिच्यावर आहे ती शरावती पावसावर वाहणारी नदी असल्याने तिचे पाणी उन्हाळ्यात पूर्वीही आटत असे; तथापि १९६४ मध्ये धबधब्याच्या वरच्या अंगाला लिंगनमक्की धरण पूर्ण झाल्यापासून नदीचे बहुतेक पाणी त्या कड्यापर्यंत येतच नाही. या धरणाची क्षमता सुमारे १५१ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. आपल्या उजनी धरणाची ११७ टीएमसी, एवढे सांगितले की सोलापूरकराला वेगळा हिशेब सांगावा लागत नाही. हे पाणी तळकळले येथील जलाशयात वळवतात आणि तेथून पोलादी नळांतून डोंगराखाली १,०३५ मेगावॉटच्या शरावती वीजगृहात सोडतात. सह्याद्रीच्या ज्या उताराने २५३ मीटरचा धबधबा घडवला, त्याच उतारावर ही वीज तयार होते, त्यामुळे दोघांना एकाच वेळी भरपूर पाणी मिळणे बहुतेक वर्षी शक्य नसते.

आपल्या वडिलांनी पाहिलेला धबधबाही अगदी मूळचा नव्हता. त्याच नदीवरचे हिरेभास्कर धरण आणि आज महात्मा गांधींच्या नावाने ओळखले जाणारे, तेव्हा १२० मेगावॉटचे असलेले वीजगृह ही त्याआधीचीच. मात्र ते धरण लहान असल्याने पावसाळ्यातला पूर त्याला अडवता येत नसे.

राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट या चारही धारा भरात पाहायच्या असतील, तर नुसता पाऊस पुरेसा नाही. धरणाखालच्या ओढ्यांमुळे जुलैत धबधबा वाहता होतो, पण खरे रूप दिसते ते लिंगनमक्की भरून दरवाजे उघडल्यावर, आणि तसे दर वर्षी घडत नाही. आपण जशी उजनी ‘प्लस’मध्ये (मृतसाठ्याच्या वर) आली का ते पाहतो, तशी निघण्यापूर्वी लिंगनमक्कीची पातळी पाहावी, पूर्ण पातळी १,८१९ फूट आहे.

मे महिन्यात पुन्हा जाणे झालेच, तर जलाशयाकडेही वळावे. पळसदेवचे देऊळ उजनीचे पाणी ओसरल्यावर वर येते, तसे लिंगनमक्कीच्या पाण्यात बुडालेले जुने हिरेभास्कर धरण तेथे उघडे पडते.